दही न मोडणारी गाडी

कार्तिकात दही विरजायला घेतलं की मला वेल्डिंगचा वास येतो. आता याला कुणी काहीही म्हणो. परवा अमरावतीच्या माझ्या स्वयंपाकघरात कोमट दुधात विरजण घालत होते, आजूबाजूला कुठे पत्र्याचं काम नाही, ग्रिलचं काम नाही, तरी तो वास आलाच. जळका, लोखंडाचा, नाकात बसून राहणारा. सकाळीच दादाचा तेल्हाऱ्याहून फोन आला होता. "बोंडं फुटली वं. सीतादही कवा करतं?" एवढंच विचारून त्यानं ठेवून दिला. आमच्या घरात फोनवर कुणी जास्त बोलत नाही.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सीतादही सांगावं लागतं. कापूस वेचायला लागण्याआधी घरची बाई शेतात जाते, धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाशी, कापसाच्या एका चांगल्या भरल्या झाडाला, पऱ्हाटीला, हळदीकुंकू लावते, दहीभात वाहते, थोडा शेतात शिंपडते आणि पहिला कापूस आपल्या हातानं वेचते. मग बाकीच्या बाया ओळी धरतात. दही चांगलं घट्ट लागतं. आमच्या घरी ते काम आईचं होतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिचंच, आणि त्या कामाला कुणाचा हात लागलेला तिला चालायचा नाही.

मला आठवतो तो हंगाम आमच्या भागाच्या वाईट दिवसांतला. वर्तमानपत्रात रोज आमच्या जिल्ह्यांची नावं यायची आणि ती कशासाठी येतात हे सांगायची गरज नसायची. मुंबई-पुण्याकडच्या गाड्या धुरळा उडवत गावोगाव फिरायच्या. माणसं उतरायची, ओसरीवर बसायची, आवाज खाली आणून बोलायची. आम्ही कसे दिसायला पाहिजे हे त्यांच्या मनात आधीच ठरलेलं असायचं. मला त्याचा फार राग यायचा, अजूनही येतो. दुःख खोटं नव्हतं. आमच्या गल्लीनंही ते पाहिलं होतं. पण त्याच गल्लीत त्याच दिवशी कुणी मुगवड्या घालत होतं, कुणी पोरीच्या सायकलची चेन बसवत होतं, आणि आमच्या अंगणात मोटारीचा मागचा सगळा भाग सोडवून ठेवलेला होता. ते कुणी लिहून नेलं नाही. म्हणून मी लिहिते.

मोटार बाबांची. कापसाला चांगला भाव मिळाला त्या एका वर्षी त्यांनी ती अकोल्याहून जुनीच आणली होती. पांढरी, गोल पाठीची, आत सोफ्यासारखी सीट. बाबा गेले, दिवस पालटले आणि ती गोठ्यात जाऊन उभी राहिली. दादा अधूनमधून इंजिन चालू करून बघायचा, तेवढंच. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि आईला ते पसंत होतं. "निदान कोनाच्या तरी कामी येऊन राहिली," म्हणायची.

मग आदल्या वर्षीच्या वेचणीत आई कापसानं भरलेल्या बंडीवरून, बैलगाडीवरून, खाली पडली. मणक्याला मार लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, महिनोन्महिने झोपवून ठेवलं आणि शेवटी सांगितलं की आता बसा, उठा, घरात चाला, पण धक्का बसता कामा नये. गाडीनं फिरा, पण पक्क्या रस्त्यानं. हे ऐकून आई एवढ्या दुखण्यातही हसली. आमच्या शेताकडे पक्का रस्ता! काळ्या मातीची वाट ती. पावसाळ्यात बंड्यांची चाकं तिच्यात हातभर रुततात आणि कार्तिकात त्याच चाकोऱ्या वाळून दगड होतात. त्या वाटेनं धडधाकट माणूस गेला तरी त्याचे दात वाजतात.

वर्षभर ती घरात होती. दुखण्यानं रात्रीची झोप गेली होती. डोळा लागायचा आणि कूस बदलताना कळ येऊन उघडायचा. पण मला त्या कळेची भीती नव्हती. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. आई वस्तू वाटायला लागली होती. शेतात जायचं जुनं लुगडं तिनं शेजारी देऊन टाकलं. विळा देऊन टाकला. आणि त्या दसऱ्याला तिनं आपलं वेचणीचं फडकं, कमरेला बांधून पुढे झोळी करायचं, ते वहिनीच्या हातात ठेवलं. "रेखा, आता तूच बांध. सीतादही बी तूच कर." वहिनी रडकुंडीला आली. आई मात्र शांत होती, आणि मला तो शांतपणा अजिबात आवडला नाही. माझी आई शांत बाई नव्हे. तिनं शेत सोडलं असतं तर मग एकेक करून सगळंच सोडलं असतं.

दादानं साधा उपाय काढला. "आई, बाजेवर बसवून चौघं जन उचलून नेतो तुले."

"खांद्यावरून मी एकच डाव जाईन," आई म्हणाली. "तवा मले इचारू नका. आता नाई."

मी तेव्हा नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला होते. डिप्लोमा केलेली, वर्गातली एकटी मुलगी, तोंडानं फटकळ. कारखाना काही महिन्यांसाठी बंद पडला म्हणून घरी येऊन बसले होते, आणि नुसतं बसणं मला जमत नाही. मी गोठ्यात गेले, कोंबड्या हाकलल्या आणि मोटारीच्या खाली सरपटत शिरले. बाहेर आले तेव्हा माझं ठरलं होतं. रस्ता बदलता येत नाही. गाडी बदलता येते.

शकूरभाईंकडे गेले. तेल्हाऱ्यातल्या जुन्या जिनिंगच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान. बंड्यांना टायरची चाकं बसवायची, कापसाच्या ट्रॉल्या बांधायच्या, हे त्यांचं खानदानी काम, वडिलांपासूनचं. त्या साली नवी बंडी कोण बांधणार? दुकानापुढे जुन्या बंड्याच ठिगळं लावायला येत होत्या, त्यामुळे त्यांना वेळ होता. शकूरभाई बोलायला फार. आपल्या हातची झालाई, म्हणजे वेल्डिंग, पंजाबपर्यंत कुणाला येत नाही असं ते स्वतःच सांगायचे, आणि आपण ऐकत नाही असं वाटलं तर पुन्हा सांगायचे. मला असे लोक आवडतात. मीही तशीच आहे.

"ताई, सोपं काम हाये," ते म्हणाले. "जुने पाटे काढतो, नवे टाकतो. मामला खतम."

"नवा टाकला तरी पाटाच राहीन ना तो, शकूरभाई. माह्या आईले पाटा नाई पायजे."

"पाट्याबिगर गाडी? हवेत ठेवता का चाकं?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. जुन्या मोटारीच्या मागच्या चाकांचा आस लोखंडी पट्ट्यांच्या जुडग्यावर बसवलेला असतो. तोच पाटा. तो धक्का सोसतो आणि आसाला जागेवर धरूनही ठेवतो. दोन्ही कामं एकटाच करतो म्हणून दोन्ही अर्धवट करतो. मला ती कामं वेगळी करायची होती. धक्का सोसायला गोल स्प्रिंगा, आणि आस धरायला लांब दांडे. दांड्याचं एक टोक पुढे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं मागे आसाला. आस बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा. शकूरभाईंना हे कागदावर पटेना. कागद लहान पडतो, म्हणाले.

म्हणून मी आमच्या सारवलेल्या अंगणात रांगोळीनं गाडी काढली. खरीखुरी, मापाची, बाजूनं दिसेल तशी. दिवाळी नुकतीच झाली होती, रांगोळी घरात भरपूर होती. चाक, आस, सांगाडा, सगळं पांढरं. दांड्याच्या जागी पुठ्ठ्याची लांब पट्टी ठेवली, तिच्या पुढच्या टोकाला बाभळीचा काटा रोवला आणि मागचं टोक वर-खाली फिरवून चाक कसं जातं ते गुलालानं रेखलं. गल्लीतल्या बाया येता-जाता थांबायच्या, हे कोणत्या सणाचं म्हणून विचारायच्या. आई ओसरीत बाजेवर उशीला टेकून सगळं बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून प्रश्न निघाला.

"हे चाक वर जाते का मांग?"

"दोन्हीकडं, आई. वर जाता जाता जरासं मांग."

"मांग काहून?"

मला इतका आनंद झाला की मी रांगोळीवरच पाय दिला. तिला समजावून सांगितलं. चाक चाकोरीच्या काठावर आदळतं तेव्हा ते नुसतं वर उचललं जात नाही, मागेही ढकललं जातं. त्याला मागे सरकू दिलं तर धक्क्याचा जोर तिथंच मोडतो. दांड्याचं पुढचं टोक उंच आणि आसाकडचं खाली असेल तर चाक वर येताना मागे सरतं. उलट असेल तर वर येताना पुढे येतं आणि काठावर आणखी जोरानं आदळतं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे आडव्या बैलासारखं नाई करायचं त्यानं." बरोबर तेच. शकूरभाईही बाजूला उकिडवे बसून गुलालाची रेघ बघत होते. मग उठून म्हणाले की हीच गोष्ट ते मघापासून सांगत होते.

पुढचे दिवस मला वासानं आठवतात. कापलेल्या पाइपाचा, ग्रीसचा, आणि वाऱ्यावर येणारा हिरव्या तुरीचा. अंगणात मोटार लाकडी ओंडक्यांवर चढवलेली. तिच्या बाजूला आईच्या मुगवड्यांची खाट, तिच्यावर ठिणग्या उडू नयेत म्हणून पोत्याचा आडोसा. पाइपावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. शकूरभाईंनी विहिरीच्या पंपाचा जुना पाइप आणला. मी म्हटलं, हा पातळ आहे, दुमडेल. ते म्हणाले, यानं विहीर उपसली, तुमचं चाक काय चीज आहे. मी तो दोन दगडांवर आडवा ठेवला, वर उभी राहून उड्या मारल्या, आणि तो वाकला. मग दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या भंगार बाजारातून जाड अंगाचा पाइप आला. उलट दांडे सांगाड्याला जोडायचे कान, म्हणजे भोकाच्या पट्ट्या, मी पातळ पत्र्याचे काढले होते, ते त्यांनी हातात धरले आणि बाजूला फेकले. इथं ते बरोबर होते. असंच चाललं.

चौकात बंडूचं चहाचं हॉटेल होतं. तिथून शकूरभाई गेले की बंडू ओरडायचा, "काय शकूरभाई, विमान कवा उडते?" बाकावरचे सगळे हसायचे. हसायला तेव्हा कारणं कमीच होती, मी कुणाला दोष देत नाही. शकूरभाई मात्र पेटायचे. "हस बंडू, हस! एक दिवस तुह्या हॉटेलापुढंच थांबवीन गाडी. अन् एकेकाले धरून मांगच्या सीटवर बसवीन." त्या दिवसाचं भाषणही त्यांनी तयार करून ठेवलं होतं. झालाई करता करता ते मला त्यातले तुकडे ऐकवायचे.

आता आमची चूक सांगते. ही चूक वऱ्हाडातच होऊ शकते. शकूरभाईंच्या घराण्याचा रिवाज होता की बंडी बांधली की भरून पाहायची. रिकामी बंडी चालवून कुणी पसंत करत नाही. तिचा जन्मच माल वाहायचा. म्हणून स्प्रिंगा बसवताना, दांड्यांची उंची धरताना, कान जोडताना आम्ही मोटारीच्या मागच्या भागात गोठ्यातली सरकीची पोती भरली होती. ढोरांसाठी ठेवलेली, चांगली जड. मला एकदाही वाटलं नाही की हे कशाला. मी डिप्लोमावाली, आणि मलाही वाटलं नाही, कारण लहानपणापासून मी कुठलंही वाहन भरल्याशिवाय पाहिलंच नव्हतं. पोती भरलेली मोटार शेताच्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडपर्यंत, नेली तर काय चालली! पाण्यातल्या म्हशीसारखी, संथ. शकूरभाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून वाटेतल्या सगळ्यांना सलाम केले.

घरी आलो तर आई ओसरीत गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन बसलेली. त्यात रात्री लावलेलं दही, वर सायीचा जाड थर. "माह्या जागेवर हे ठेवा," ती म्हणाली. "अन् ते पोते काढा. मी काय पोत्यायसंग जाईन?"

पोती काढली. गंज मागच्या सीटवर ठेवला, वाटेवर एक फेरी मारून आणला. उघडून पाहिलं तर दह्याचे तुकडे आणि हिरवट पाणी. कढी करायच्या लायकीचं. शकूरभाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं. रिकामी गाडी मागून उंच उभी राहत होती, दांडे ठरवल्यापेक्षा फारच उतरते लागत होते, आणि सरकीला सोसणाऱ्या त्या तगड्या स्प्रिंगा एका दह्याच्या गंजासाठी वाकायला तयार नव्हत्या.

"मी काय सरकीचं पोतं आहो का गा, शकूर?" आईनं विचारलं.

"काकू, दोन पोते डिक्कीत टाकू. तुमी आरामात मांग बसा. एकदम मक्खन!"

"म्हंजे मले नेण्यासाठी सरकी नेता, का सरकी नेण्यासाठी मले?"

हसून हसून तिला कळ आली, तरी ती हसत होती. पोती ठेवणं तसंही जमण्यासारखं नव्हतं. वाटेत नाला होता, त्याच्या काठची माती अजून ओली होती आणि भरली गाडी तिथं बसली असती. पण दिवस आता हातातून चालले होते. शेतात बोंडं टचाटचा फुटत होती, आभाळ मधूनच भरून यायचं, आणि फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो पिवळा पडतो. दादा रोज शेतातून आला की माझ्याकडे बघायचा. शेवटी एका संध्याकाळी बोलला. "येत्या सोमवारी वेचनी लावतो. त्याच्यापुढं कापूस थांबत नाई, वं." आईनं ते ऐकलं आणि पुन्हा तसंच शांतपणे म्हणाली, "रेखा करीन ना सीतादही. काय बिघडते?"

मी त्या रात्री जेवले नाही. राग आला की मी जेवत नाही, ही माझी वाईट खोड.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी आणि शकूरभाई पुन्हा अकोल्याला. भंगार बाजारात एका लहान गाडीच्या स्प्रिंगा काढल्या. पहिल्या वेळी आम्ही स्प्रिंगांवर तिथल्या भंगार दुकानाच्या जाड्याजुड्या मालकाला उभं करून पाहिलं होतं. या वेळी मी उभी राहिले. आईची आणि माझी अंगलट एकच. मी उभी राहिले की स्प्रिंग किती दबते हे शकूरभाई वितीनं मोजायचे आणि मान हलवायचे. बाजारातली माणसं कामं सोडून बघत होती. परतताना स्प्रिंगा मांडीवर घेऊन बसलो तर कंडक्टर म्हणाला, "लेकरायचं अर्धं तिकीट लागते." शकूरभाईंनी त्याला सगळी हकीकत ऐकवली. अकोटपर्यंत पुरली ती.

मग कानांना नवी भोकं, दांड्यांना नवी उंची, आणि सगळी मापं आता मला मागच्या सीटवर बसवून. शकूरभाई खालून ओरडायचे, "हलू नका, ताई!" आणि मी आईच्या जागेवर आईसारखी बसून राहायचे. तिथं बसल्यावर पहिल्यांदा मला जाणवलं की त्या सीटवरून रस्ता दिसत नाही. पुढची पाठ दिसते फक्त. धक्का कधी येणार हे मागच्या माणसाला कळत नाही. तो सारं अंग आवळून वाट बघत बसतो. आई वर्षभर तशीच होती, घरातही. मला फार भरून आलं, पण खाली शकूरभाई होते म्हणून मी नुसतं नाक पुसलं.

रोज एक गंज दही मोडत होतं. आमच्या गल्लीनं त्या आठवड्यात कढीशिवाय काही खाल्लं नाही. सगळ्यांची भांडी आमच्या दारात. पण दही बोलायला लागलं होतं. नुसतं पाणी सुटलं तर स्प्रिंग अजून ताठ आहे. एका बाजूनं तिरपी भेग गेली तर गाडी आडवी हलते आहे. ती भेग आईनं दाखवली तेव्हा आम्ही आडवा दांडा तपासला. तो एका बाजूला उतरता लागला होता. चाकं वर-खाली झाली की तो आसाला बाजूला ओढत होता. तो सपाट केला. दुसऱ्या दिवशी भेग नव्हती, कडेला थोडंसं पाणी होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी गंज उघडला, तर साय जशीच्या तशी. आईनं चमचा घातला नाही. झाकण लावलं आणि म्हणाली, "सोमवारच्या दह्याले दूध म्हशीचं घेजा. निरसं."

आई आता नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं होती, चांगली खणखणीत. पण मला ती आठवते ती त्या सोमवारची. मागच्या सीटवर दोन उशा, अंगावर हिरवं लुगडं, पट्टा आवळलेला, मांडीवर दह्याचा गंज, दोन्ही हात त्याच्याभोवती. मी चालवत होते, बाजूला शकूरभाई. दादा आणि वहिनी बायांना घेऊन पुढे गेलेले. पक्का रस्ता संपला आणि गाडी वाटेला लागली तेव्हा मी आरशात पाहिलं. आईनं डोळे घट्ट मिटले होते. पहिल्या चाकोरीत चाक उतरलं, चढलं. दुसरीत. तिसरीत. मग तिनं एक डोळा उघडला.

"आली का वाट?"

"कवाची, आई."

तिनं दुसरा उघडला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तुरी बघितल्या, कुणाची ज्वारी किती वाढली ते बघितलं, कुणी धुरा कोरून आत घेतला आहे हे तेवढ्यातही तिच्या नजरेतून सुटलं नाही आणि तिनं त्या माणसाच्या नावानं बोटं मोडली. मला माझी आई परत दिसली.

नाल्याच्या अलीकडे एक मोठी शहरी गाडी वाटेत थांबलेली होती. आत बसून बसून अंगं खिळखिळी झालेली तीन-चार माणसं बाहेर उभी राहून कमरा ताठ करत होती. एकाच्या गळ्यात कॅमेरा. आमची म्हातारी मोटार चाकोऱ्यांवरून शांतपणे येताना पाहून ते जरा गोंधळले. कॅमेरावाला खिडकीशी आला, मागे बसलेल्या आईला पाहिलं आणि तो खाली आणलेला आवाज काढून म्हणाला, "आजी, तुमच्याकडे काही झालं का?"

"झालं ना बापा," आई म्हणाली. "गाडी झाली. पाहून घ्या."

शकूरभाईंनी लगेच दार उघडलं, त्यांना खाली वाकवून दांडे दाखवायला. मी त्यांना कॉलरला धरून परत बसवलं.

शेत पांढरं झालं होतं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. दादानं आणि मी दोन्हीकडून धरून आईला उतरवलं. धुऱ्याशी बाया उभ्या होत्या. वहिनीनं ताट पुढे केलं. आईनं तिची पऱ्हाटी निवडली, कुंकू लावलं, गंजाचं झाकण काढलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. घरापासून शेतापर्यंत आलेलं ते दही शेवटी मोडलं ते आईच्या बोटांनी. भात कालवला, वाहिला, चार दिशांना शिंपडला. मग ती सरळ उभी राहिली आणि वहिनीकडे वळून तिनं हात पुढे केला.

"दे माहं फडकं."

वहिनीनं कमरेचं फडकं सोडलं, आणि आईच्या कमरेला, पट्ट्यावरून, स्वतः बांधलं. वहिनी रडत होती. बाकीच्याही. आई नव्हती रडत. तिला वाकायला मनाई होती, म्हणून तिनं उभ्यानं, छातीशी येणारी तेवढीच बोंडं वेचली. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू सरक. तुले येचता येत नाई, तू कापसात पाला आनतं."

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मूठ-दोन मुठी कापूस तिच्या मांडीवर, फडक्यात. शकूरभाई माझ्या बाजूला आपलं भाषण मनात घोळवत होते, ओठ हलताना दिसत होते मला. नाला ओलांडला आणि आरशात पाहिलं, तर आईची मान उशीवर कलली होती. मी गाडी हळू केली. मग दिसलं की फडक्यातला कापूस तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होतो आहे. वर्षभर जिला गादीवर झोप नव्हती ती चाकोऱ्यांवरून जाताना झोपली होती. मी शकूरभाईंना आरसा दाखवला. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पुढे तोंड केलं.

तेल्हाऱ्याच्या चौकात बंडूच्या हॉटेलापुढे सगळी बाकं भरलेली. आमची मोटार येताना दिसली तशी माणसं उठून उभी राहिली. बंडू हातातली केटली घेऊन रस्त्यावर आला आणि ओरडला, "काय शकूरभाई! कशी चालते गाडी?"

कित्येक दिवसांपासून ते याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मागच्या सीटकडे दाखवलं.